फक्त पुढचे शॉकअप

निहार आणि ईरा,

हे पत्र लांब होणार आहे, आणि ते मी मराठीतून लिहिते आहे. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तरी ज्या माणसाबद्दल सांगायचं आहे तो इंग्रजीत नीट बसेना. दोन पानं लिहून फाडली. ईरा, जिथे अडेल तिथे आईला विचार.

आत्ताच का, तर दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. निहार, तू जुनी मोटारसायकल घेतल्याचा फोटो पाठवलास. खाली लिहिलं होतंस की ब्रेक मारला की गाडी पुढून खाली बसते, तर पुढचे शॉकअप काढून महागातले नवे घालू का, आबांना विचार. आबांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, आधी वजन कळव." पाठोपाठ संगमनेरहून निरोप आला की मिस्त्री गेले. आम्हाला कळलं तोवर चार दिवस झाले होते. आबा चहा अर्धा टाकून पडवीत गेले आणि गाडीपाशी उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेले नाही. कपाटातली वही काढली.

तुमचे आबा अडुसष्ट पूर्ण झाल्यावरही राजूरच्या वरच्या गावांमध्ये गाडीवर जातात, याचं तुम्हाला फार कौतुक आहे. ते जाऊ शकतात यात त्या माणसाचा वाटा किती आणि ते जवळजवळ बंद झालं होतं यात माझा वाटा किती, हे तुमच्या आईला माहीत आहे. तुम्ही तेव्हा लहान होता. आता तुम्हालाही माहीत असावं.

मिस्त्रींचं दुकान संगमनेरात अकोले नाक्याच्या थोडं पुढे, रस्त्याच्या डाव्या हाताला. पत्र्याची एक खोली आणि पुढे लिंबाच्या झाडाखाली झाडून घेतलेली जागा. दारावर पाटी होती, निळ्यावर पांढरी अक्षरं: "फक्त पुढचे शॉकअप." नाव नाही, फोन नंबर नाही. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे जे दोन पाय असतात, आत स्प्रिंग आणि तेल असलेले, तेवढंच काम ते करत. पंक्चर, क्लच, इंजिन, काही नाही. एकदा माझ्यासमोर एक शेतकरी गाडी ढकलत घामाघूम होऊन आला.

"मिस्त्री, चालू होईना बघा."

"पुढचे शॉकअप कसे हायेत?"

"ते बरे हायेत की. इंजनच बंद हाय."

"मग तुमी चुकून आला. समोर जावा."

"आवं जरा बघा तरी!"

"बघितलं. लई चांगले हायेत. जपा."

समोर दुसरं गॅरेज होतं. तिथला मेकॅनिक हसत हसत गाडी आत घ्यायचा. या दोघांचं वैर नव्हतं. समोरच्याकडे शॉकअपचं काम आलं की तो नुसता अंगठा करून रस्त्यापलीकडे दाखवायचा.

मला ते पहिल्या भेटीत आवडले ते त्यांच्या कपड्यांमुळे. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, आणि दोन्हीवर डाग नाही. गॅरेजमधला माणूस आणि पांढरे कपडे, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. पूर्वी ते एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते. त्यांचं म्हणणं असं की शॉकअपच्या आत धुळीचा एक कण गेला तरी काम वाया जातं, आणि ज्याच्या अंगावर धूळ दिसत नाही त्याला ती पाइपावरही दिसणार नाही. सदऱ्यावर तेलाचा थेंब पडला की त्या दिवशी दुकान बंद. गिऱ्हाईक उभं असलं तरी बंद. "आज हात ठिकान्यावर न्हाई," एवढं सांगून ते कुलूप लावत. मी वर्गात खडूने हात पांढरे झाले की दर तासाला धुणारी बाई. मला हा माणूस माझ्यासारखाच वाटला. ते अजिबात माझ्यासारखे नव्हते, हे नंतर कळलं.

आबांना त्यांच्याकडे जावं लागलं ते मनगटांमुळे. आबा सरकारी दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर होते आणि त्यांची निम्मी नोकरी अकोल्याच्या डोंगरातल्या रस्त्यांवर गेली. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी त्यांच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. अडलेली गाय सोडवायला गेले तर हातात जोर राहीना. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोटारसायकल सोडा. आबांनी ते ऐकून घेतलं आणि घरी न येता सरळ मिस्त्रींकडे गेले. कुणा दूधवाल्याने त्यांना पत्ता दिला होता. मी त्या दिवशी संगमनेरातलं माझं कॉलेज संपवून आबांच्या मागे बसून अकोल्याला घरी येणार होते, म्हणून मीही तिथे होते.

मिस्त्रींनी गाडीला हात लावला नाही. आबांना म्हणाले, "मला मागं बसवा आन् नाक्यापस्तोर न्या." मी झाडाखाली बाकावर बसले. ते दोघं जाऊन आले. मिस्त्री उतरले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचं जनावर पुढच्या पायानं लंगडतंय."

आबा तिथेच त्यांचे झाले.

पुढचा प्रकार मात्र मला झेपेना. दुकानात एक जुना तोलकाटा होता, दुधाच्या सेंटरवरून आणलेला. मिस्त्रींनी आबांना त्यावर उभं केलं. मग त्यांची औषधांची बॅग हातात दिली. मग हेल्मेट. मग माझ्याकडे वळले.

"बाई, या."

"मी कशाला?"

"तुमी गाडीवर बसता का?"

"बसते."

"मग गाडीला म्हाईत हाय तुमचं वजन. मलाच तेवढं न्हाई."

वजन ते कुणाला सांगत नसत. किलोचा आकडा तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा नियम. ते सुतात सांगत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, फिटर आणि सुतार लोकांचं माप. आतल्या स्प्रिंगवर नळीचा एक तुकडा बसतो. ज्याचं ओझं जास्त त्याचा तुकडा तेवढा लांब. आबा बॅगेसकट पाच सूत निघाले. मी अडीच. ते अडीच सूत आबांनी मला पुढची कितीतरी वर्षं ऐकवले. जेवताना मी भात वाढून घेतला की ते म्हणायचे, "पावणेतीन होतील हं."

या तोलकाट्यावर मी भांडणंही पाहिली. एक जोडपं आलं होतं, बाई लग्नाला निघालेली, अंगावर भरजरी साडी. ती काही उतरून काट्यावर चढेना.

"गाडी ह्यांची हाय, ह्यांचं करा काय करायचं ते."

"वैनी, गाडी त्यांची हाय, पन बसनार तुमी दोघं हाय ना?"

"मग आधी ह्यांच्या डोक्याचं वजन करा. हलकं भरंल, काटा हलनार न्हाई."

नवरा म्हणाला, "मिस्त्री, हिचं तोंड पन धरा वजनात. रस्ताभर तेच जड पडतंय." दुकानातले सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे नवऱ्याला सांगितलं, "तोंडाचं वजन पुढच्या चाकावर येत न्हाई. ते मागं ऱ्हातं." मग बाई स्वतःच हसत चढली.

निहार, तुझ्यासारखा एक मुलगाही एकदा येऊन गेला. त्याने कुठूनतरी मोठ्या गाडीचे सोनेरी शॉकअप आणले होते, उलटे, म्हणजे जाड भाग वर आणि बारीक भाग खाली असलेले. ते आपल्या गाडीला बसवून हवे होते.

"जातो कुठं रोज?" मिस्त्रींनी विचारलं.

"कॉलेजला."

"मग ह्ये कशाला?"

"भारी दिसतंय, काका."

मिस्त्रींनी ते सोनेरी शॉकअप हातात घेतले, उन्हात धरले, आणि म्हणाले, "माल उत्तम हाय. घरी काचंच्या कपाटात ठेव. आन् गाडीतलं तेल कधी बदललंस ते सांग." कधीच बदललं नव्हतं. त्यांनी जुन्याच शॉकअपमधलं तेल काढलं. राखाडी रंगाचं, कुजल्या माशासारखा वास. ते त्याच्या नाकाखाली धरलं. दोन्ही पायांत नवं तेल अगदी सारखं मोजून भरलं. मुलगा चक्कर मारून आला आणि सोनेरी जोडी पिशवीत घालून निघून गेला. तेव्हा तुला माझा सल्ला असा की खर्च करण्याआधी आतलं तेल कधी बदललं होतं ते विचार. बाकीचं आबा सांगतील.

तेल मोजायला मिस्त्री जी पिचकारी वापरत ती आबांची होती. गुरांना औषध पाजायची, जाड काचेची. एकदा आबांच्या बॅगेत त्यांनी ती पाहिली आणि त्यांचे डोळे असे चमकले की आबांनी तिथल्या तिथे काढून दिली. आभार वगैरे नाही. फक्त म्हणाले, "ह्याच्यावर खुना लई बारीक हायेत," आणि ती रुमालात गुंडाळून ठेवली.

आणखी एक पद्धत होती. गाडी तयार झाली की ते पुढच्या एका पाइपाला काळा करदोडा बांधत. लहान मुलांच्या कमरेला बांधतात तोच. घट्टही नाही, सैलही नाही, खाली सीलपर्यंत, म्हणजे तेल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्यापर्यंत, सरकवून ठेवलेला. मग म्हणायचे, "आठवडाभर तुमच्या रस्त्यानं चालवा आन् तसंच घेऊन या." खड्ड्यात गाडी बसली की करदोडा पाइपावर वर सरकतो आणि सगळ्यात वर जिथे गेला तिथेच राहतो. आठवड्याने मिस्त्री त्याच्यावर दोन बोटं ठेवून बघत. वर दोन बोटं जागा उरली असेल तर ठीक. कमी असेल तर स्प्रिंग जड हवी, जास्त असेल तर हलकी. "मानूस सांगतो रस्ता खराब हाय," ते म्हणत. "किती खराब हाय ते ह्यो सांगतो."

आबांच्या गाडीला त्यांनी तीनदा करदोडा बांधला, तीनदा स्प्रिंग बदलली. चौथ्या वेळी आबा राजूरच्या वरून येऊन अंगणात उतरले, दोन्ही हात उघडून-मिटून पाहिले आणि म्हणाले, "मुंग्या नाहीत." हाडांच्या डॉक्टरांना त्यांनी हे कधी सांगितलं नाही.

आता माझं सांगते.

आबा निवृत्त झाले तरी वरच्या गावांतून फोन येत राहिले आणि आबा जात राहिले. मी रोज दुपारी चारनंतर खिडकीशी असायची. खरं लिहायचं तर मला ते जाणं नको होतं. पण जाऊ नका असं मी कधी म्हटलं नाही, कारण अडलेली गाय सुटली की ज्या चेहऱ्याने ते घरी येत तो चेहरा मला हवा होता.

पाच वर्षांपूर्वीची दिवाळी जवळ आली होती. मी घर आवरायला काढलं होतं. भांडी, पडदे, माळा, सगळं झालं आणि उरली गाडी. आबा आंघोळीला गेले होते. मी फडकं घेऊन बसले. पुढच्या पाइपावर एक मळकट काळा दोरा दिसला. मिस्त्रींनी नुकतंच तेल बदलून तो पुन्हा बांधला होता, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, वरच्या गावात कुणी दृष्ट लागू नये म्हणून बांधला असेल. कात्रीने कापून टाकला. मग पाइपावर बारीक गंजाचे ठिपके दिसले. रंगाऱ्याने ठेवलेला पॉलिश पेपरचा तुकडा माझ्या हाताशी होता. मी तो पाइपावर खाली-वर, खाली-वर घासला, ठिपके जाईपर्यंत. पाइप नव्या ताटासारखा चमकला. मला समाधान वाटलं.

दोन दिवसांनी गाडीखाली शहाबादी फरशीवर काळा थेंब दिसला. मी पुसला. दुसऱ्या दिवशी दोन थेंब. पुसले. असं चार दिवस चाललं. मी साडेपाचला उठते, अंगण-पडवी पुसून घेते आणि मग चहा टाकते. आबा सातला बाहेर येतात. निघताना ते खाली वाकून गाडीखालची फरशी बघत. ही त्यांची नोकरीभराची सवय होती. चारही दिवस त्यांना फरशी कोरडी दिसली.

पाचव्या दिवशी ते वरच्या एका गावातून खाली येत होते. वळणावर शेळ्या आडव्या आल्या. आबांनी ब्रेक दाबला, आणि पुढचं चाक थांबलंच नाही. शेळ्यांच्या कळपात जाण्याऐवजी त्यांनी गाडी कडेच्या भातखाचरात घातली. खाचरात परतीच्या पावसाचा चिखल होता म्हणून ते वाचले. तिथल्या लोकांनी त्यांना उचललं, जीपने अकोल्याला आणलं. डाव्या मनगटाला प्लास्टर. जीपमधून उतरले तेव्हा केसांत भाताच्या लोंब्या अडकलेल्या होत्या.

तुमच्या आईने त्याच संध्याकाळी फोन लावला. ती घाबरली होती, म्हणून रागावली होती.

"बाबा, तुम्ही त्रेसष्ट वर्षांचे आहात. हात वेळेवर पडला नाही, मान्य करा."

मी वाट पाहत होते की आबा चिडतील. ते म्हणाले, "पडला असेल उशिरा."

आबा कुणाचंही असं पटकन मान्य करत नाहीत. त्यांनी केलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. शेजारच्या गल्लीतला एकजण गाडी घ्यायला तयार झाला, रविवारी येतो म्हणाला. मी त्याच्यासाठी कागदपत्रं नीट लावून ठेवली.

शनिवारी सकाळी दारात मिस्त्री. पांढरे कपडे, हातात कापडी पिशवी. एसटीने आले होते. राजूरच्या जीपवाल्याकडून त्यांना कळलं होतं. ते कुणाच्या घरी जात नसत, हे आबांना माहीत होतं. आबा खुर्चीतून उठलेच.

"साहेब, बसा. मी तुमच्याकडं आलो न्हाई. गाडीकडं आलोय."

त्यांनी पुढचं चाक उतरवलं. ब्रेकच्या चकतीवर बोट फिरवलं, वास घेतला. "तेल." मग पाइप बाहेर काढला, उन्हात धरला, हळूहळू फिरवला, नखाने चाचपला. एका जागी नख थांबलं. त्यांनी पाइप वर्तमानपत्रावर ठेवला, तो भाग खाली येईल असा.

"सील गेलंय, साहेब. तेल खाली उतरलं आन् चकतीवर आलं. तुमचा हात बरुबर हुता."

आबा म्हणाले, "नाही, मिस्त्री. सील एका दिवसात जात नाही. आधी चार दिवस थेंब पडला असणार. मी रोज खाली बघतो. मला दिसला नाही. हात बरोबर असेल, डोळे गेले. असल्या डोळ्यांनी त्या रस्त्याला जायचं नसतं." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या देऊन टाका गाडी."

मिस्त्री उठले. "गाडी उभी कुठं असती, बाई?"

मी पडवीतली जागा दाखवली. ते उकिडवे बसले. फरशीवर तळहात फिरवला. हात उलटा करून पाहिला. स्वच्छ.

"फरशी कोन पुसतं?"

"मीच."

"रोज?"

"रोज."

ते नळावर हात धुवायला गेले, मी टॉवेल घेऊन गेले. हात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले, "दगडानं टिचका पडतो, बाई. गंजानं खड्डा पडतो. उभ्या रेघा मानूस वढतो. त्याच सील कापत्यात."

"मी घासला. पॉलिश पेपरने."

"ते कळलं मला."

"त्यांना सांगणार तुम्ही?"

"मी पायपाचं सांगतो. पायपाचं सांगून झालं." टॉवेलाची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. "घरातलं तुमचं तुमी बघा."

मुलांनो, मी नळाशीच उभी राहिले. गप्प राहिले असते तर रविवारी गाडी गेली असती. मी पुन्हा कधी खिडकीशी बसले नसते. तुमची आई निर्धास्त झाली असती. आणि तुमचे आबा उरलेलं आयुष्य, आपले डोळे गेले, असं समजून अंगणात बसले असते. मिस्त्रींना हे सगळं दिसत होतं. त्यांनी मला ना धमकावलं, ना विनवलं. पिशवीतून नवा पाइप काढला आणि तो पुसत बसले, जणू मी तिथे नाहीच.

मी पडवीत गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. दोरा कापला, पाइप घासला, थेंब पुसले.

आबा म्हणाले, "म्हणजे थेंब होता?"

"होता. चार दिवस होता."

"कुठे?"

मी फरशीवर बोट ठेवलं. ते प्लास्टरचा हात सांभाळत खाली बसले आणि त्या कोऱ्या फरशीकडे असे वाकून पाहायला लागले जणू अजून तिथे काही दिसेल.

"होता," ते स्वतःशीच म्हणाले. मग मान वर केली. "अहो, मग डोळे ठीक आहेत माझे."

मला रडू आलं. आबा हसायला लागले. चार दिवसांत पहिल्यांदा. मिस्त्री मान खाली घालून बोल्ट मोजत होते.

तुमच्या आईला मी त्यांच्यासमोरच फोन लावला आणि सगळं पुन्हा सांगितलं. ती आधी म्हणाली, "आई, तू?" मग म्हणाली, मिस्त्रीकाकांना दे. चेहरा दिसणारा फोन होता, पण मिस्त्रींनी तो कानाला लावला, त्यामुळे तुमच्या आईला सगळा वेळ त्यांचा कान दिसत होता.

"काका, तुम्ही सांगा. चालवू द्यायची का बाबांना?"

"ताई, हात डॉक्टर बघत्याल, डोळे डॉक्टर बघत्याल. त्यांनी व्हय म्हनलं तर गाडी मी देतो. पन एका अटीवर."

"कुठली?"

"पाइप बाई पुसतील."

मला वाटलं चेष्टा करताहेत. ते चेष्टा करत नसत. ज्या हाताने बिघडवलं त्याच्याच हातात त्यांनी ते काम दिलं, आणि त्यात टोमणा नव्हता. मला समोर बसवून दाखवलं: मऊ सुती कापड, साबण नाही, पावडर नाही. दर रविवारी सीलच्या कडेला बोट फिरवायचं. बोट ओलं झालं तर गाडी बाहेर काढायची नाही. पाइपावर त्यांनी आता ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे रबरी मोजे शिवून घातले होते, ते वर करून आतलं पाणी झटकायचं. आणि फरशीबद्दल एकच वाक्य: "आधी बघा, मंग पुसा."

प्लास्टर निघालं, डोळे तपासले, दोन्ही डॉक्टरांनी होकार दिला. मिस्त्रींनी या खेपेला स्प्रिंग बदलली, जाड तेल भरलं, आणि सगळं जोडून झाल्यावर मला हँडल धरून गाडी पाच वेळा खाली दाबायला लावली. चाकाचा शेवटचा बोल्ट त्यानंतरच आवळायचा असतो, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी सरळ बसतात. मी दाबत होते आणि ते म्हणत होते, "जोरात, बाई. अडीच सूत हाय तुमी, सगळं टाका." पुढच्या वर्षी तेल बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती पिचकारी माझ्या हातात दिली. मी दोन्ही पायांत सारखं भरलं. त्यांनी खुणा तपासल्या. "बरुबर हाय," एवढंच म्हणाले. मला विद्यापीठाने दिलेल्या पदवीपेक्षा त्या दोन शब्दांचा जास्त अभिमान आहे, आणि हे मी विचार करून लिहिते आहे.

आभार मानायला मी एकदा मुद्दाम बसने गेले होते, पेढे घेऊन. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं.

"गाडी कुठंय?"

"गाडी नाही आणली. मी तुम्हाला भेटायला आले."

"काय बिघडलंय?"

"काही नाही. म्हणूनच आले."

त्यांना ते काही उलगडलं नाही. पेढ्यांचा पुडा त्यांनी समोरच्या मेकॅनिककडे पाठवून दिला, कारण पेढा खाल्ला की बोटं चिकट होतात. मी बसने परत आले. म्हणजे आभार तसे पोचलेच नाहीत. म्हणून इथे लिहून ठेवते: माझ्या चुकीला त्यांनी तिच्याएवढंच ठेवलं, मोठं केलं नाही, आणि ती दुरुस्त करायला मला जागा दिली. शिक्षक म्हणून मी हे किती वेळा करू शकले, ते मी मोजायला घेतलं आणि थांबले.

शेवटची दोन वर्षं त्यांचे हात थरथरत होते. थेंब सदऱ्यावर पडायला लागला, दुकान आठवड्यातून चार दिवस बंद राहायला लागलं, आणि मग ते उघडलंच नाही. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. पाटी कुणी नेली ते समोरच्या मेकॅनिकलाही माहीत नाही. शॉकअपचं काम आता तोच करतो, आणि बरं करतो.

आबांची गाडी आहे. सोमवारी आणि गुरुवारी ते राजूरच्या वर जातात, चारपर्यंत परत येतात, आणि मी खिडकीशी असते. तेल दर वर्षी मीच बदलते. आज रविवार होता. सकाळी दोन्ही सीलवरून बोट फिरवून पाहिलं. कोरडी आहेत.

तुमची,
आजी